गाडीतील अनधिकृत आवाजाबाबत

नवी गाडी घेतल्यापासून नवव्या दिवशी, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी, वजनमापे खात्यातल्या निरीक्षकसाहेबांना गाडीत एक आवाज ऐकू आला. तो इंजिनाचा नव्हता, चाकांचा नव्हता आणि शेजारी बसलेल्या पत्नीचाही नव्हता. पत्नीचा नाही याची खात्री त्यांनी तिला दोनदा गप्प बसवून करून घेतली.

"अहो, मी काय म्हणत होते—"

"शू! ऐक."

"काय ऐकू?"

"तेच तर ऐकतोय."

साहेबांची उभी हयात दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात गेली होती. पाव ग्रॅमने हलके वजन त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच कळायचे. असा माणूस स्वतःच्या गाडीत बेकायदा आवाज चालवून घेणे शक्यच नव्हते.

पत्नी नकाशा कार्यालयात आरेखक होती. संध्याकाळी साहेब तिला कार्यालयातून घेत आणि वीस मिनिटांत दोघे घरी पोचत. या वीस मिनिटांतच त्यांचा संसार चाले, कारण घरी गेल्यावर साहेब फायलींत आणि ती ओट्याशी. जे काही बोलायचे ते गाडीत, ही पंधरा वर्षांची वहिवाट होती. नेमके त्याच आठवड्यात तिला बोलायचे होते. दुसऱ्या शहरात नवे नकाशा केंद्र निघत होते आणि त्याचे प्रमुखपद तिला दोन वर्षांसाठी देऊ केले होते. महिनाअखेरीपर्यंत उत्तर कळवायचे होते. जावे की न जावे, हे तिचे तिला ठरेना. नवरा 'नको जाऊस' म्हणता, तर ती बहुधा राहिली असती. 'खुशाल जा' म्हणता, तर आनंदाने गेली असती. नवरा 'शू' म्हणाला.

गाडी सेवा केंद्रात नेण्यात आली. तिथल्या सल्लागाराने विचारले, "आवाज कसा येतो?"

"बारीक. खुळखुळ आणि किरकिर यांच्या मधला."

"मधला नाही चालत, साहेब." सल्लागाराने एक अर्ज पुढे सरकवला. "आमच्याकडे सहाच आवाज आहेत. खडखड, खुळखुळ, करकर, किरकिर, टकटक आणि इतर. एकावर खूण करा."

"मग 'इतर'वर करतो."

"करा की. पण 'इतर'ला वरून मंजुरी लागते. तीन महिने जातात."

साहेबांनी निमूटपणे 'खुळखुळ'वर खूण केली. लेखी खोटे बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

पुढची पायरी म्हणजे आवाज सिद्ध करणे. सल्लागार शेजारी बसला की गाडी पाहुण्यांसमोरच्या गुणी पोरासारखी मुकाट चाले आणि तो उतरला की हिचे सुरू. केंद्राचा नियम असा की, जो आवाज केंद्राच्या माणसाने ऐकला नाही तो झालेलाच नाही. साहेब संतापले, पण नियम त्यांना मनापासून आवडला.

अखेर मूळ परिस्थिती जशीच्या तशी उभी करायची असे ठरले. तोच रस्ता, तीच वेळ, तोच वेग, तेच प्रवासी. पत्नीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. केंद्रातल्या सर्वांत जुन्या मेकॅनिकला पाचारण करण्यात आले. त्याला सगळे कानसेन म्हणत. कानसेन कानाला डॉक्टरची नळी लावून डिकीत आडवा झाला. सल्लागार मागच्या सीटवर दाराला गाल चिकटवून बसला. एकाच खड्ड्यावरून गाडी अकरा वेळा गेली. त्या खड्ड्यासमोरच्या किराणा दुकानदाराने साहेबांना पहिल्या खेपेला नमस्कार केला, चौथ्या खेपेला तराजू पुसून ठेवला, सातव्या खेपेला बदलला आणि नवव्या खेपेला दुकान बंद करून तो घरी गेला. बाराव्या खेपेला डिकीतून आरोळी आली.

"घावला!"

मागच्या सीटच्या पट्ट्याचे बक्कल दाराच्या प्लास्टिकवर आपटत होते. कानसेनने तिथे बोटभर जाड कापडाची पट्टी चिकटवली आणि आवाज थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पत्नीला वाटले, आता बोलावे.

"अहो, महिनाअखेरीपर्यंत मला—"

"थांब," साहेब डोळे मिटून म्हणाले. "आणखी एक आहे."

होताच. मोठा आवाज गेला की त्याच्या आडोशाला बसलेला धाकटा पुढे येतो, आणि धाकटा गेला की त्याचे भाऊबंद. पुढच्या आठवड्यात हातकप्प्याचे झाकण, आरशाची दांडी आणि जॅकची खोबण असे तीन गुन्हेगार पकडले गेले आणि चौथा फरार राहिला. कानसेन वैतागला.

"साहेब, भांड्याला भांडं लागणारच. एवढं काय मनावर घ्यायचं? गाडी चालवा, बाईंशी दोन शब्द बोला, नाही ऐकू यायचा तो."

या बेजबाबदार विधानाबद्दल कानसेनला लेखी ताकीद देण्यात आली. उलट सल्लागाराचे मत पडले की, प्रवाशांचे बोलणे हाच तपासातला मुख्य अडथळा आहे. सबब चौदा दिवस गाडीत संपूर्ण मौन पाळावे आणि एक ध्वनी नोंदवही ठेवून ती रोज सेवा केंद्राला दाखवावी, असा लेखी सल्ला निघाला. रकाने पाच: वेळ, वेग, रस्ता, आवाज, शेरा. गाडी चालवताना लिहिणे नियमबाह्य असल्याने नोंदी पत्नीने करायच्या. रात्री जेवणाआधी साहेब प्रत्येक पानाखाली 'तपासले, मान्य' असे लिहून सही करत आणि सवयीने खात्याचा गोल शिक्काही मारत. वाचण्याचा प्रश्नच नव्हता. वाचून सही करणारा माणूस त्यांच्या खात्यात कधी वर गेलेला नाही.

पहिल्या दिवशी पत्नीने शेऱ्यात लिहिले, 'मला तुमच्याशी बोलायचे आहे.' तपासले, मान्य. केंद्राने लाल शाईत उलट विचारले, 'शेरा असंबद्ध. आवाजाचा प्रकार नमूद करावा.' दुसऱ्या दिवशी तिने लिहिले, 'किरकिर.' केंद्राने विचारले, 'उगमस्थान?' तिने लिहिले, 'पुढची डावी सीट.'

तपासाला प्रथमच दिशा मिळाली. पुढची डावी सीट त्याच दिवशी काढण्यात आली आणि पत्नी मागे बसू लागली. तिथेही आवाज तिच्या पाठोपाठ आला. चौदाव्या दिवशी तिने शेवटची नोंद केली. त्यानंतर मागची सीटही काढण्यात आली आणि ती बसने ये-जा करू लागली. घरात दोन दिवस बॅगांच्या चेनचा करकर आवाज येत होता. साहेबांनी कान देऊन ऐकले, हा गाडीतला नाही याची खात्री केली आणि समाधानाने झोपी गेले.

सोमवारी दुपारी गाडी परत मिळाली. दोन्ही सीटा जागच्या जागी होत्या आणि सोबत प्रमाणपत्र होते: 'सदर वाहनात कोणत्याही प्रकारचा आवाज येत नाही.' साहेबांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी खड्ड्यावरून गाडी मुद्दाम दोनदा नेली. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! ही शांतता पत्नीला ऐकवायची म्हणून ते सहाच्या ठोक्याला तिच्या कार्यालयाच्या फाटकाशी हजर झाले. साडेसहा झाले तेव्हा आत गेले.

"बाई तर सकाळच्या गाडीनंच गेल्या की," तिथला कारकून म्हणाला. "आज हजर व्हायचं होतं त्यांना तिकडे. तुमची परवानगी जोडलीये ना फाईलला."

"माझी?"

कारकुनाने नोंदवहीच्या चौदाव्या पानाची प्रत पुढे केली. शेऱ्याच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिले होते: 'दोन वर्षांसाठी दुसऱ्या शहरी जात आहे. हरकत असल्यास कळवावे.' खाली 'तपासले, मान्य', सही आणि गोल शिक्का. साहेबांनी शिक्का उजेडात धरून पाहिला. अस्सल होता.

घरापर्यंतची वीस मिनिटे संपता संपेनात. गाडीत खरोखरच कसलाही आवाज नव्हता, आणि साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा इतके एकटे वाटले की घराच्या फाटकाशी गाडी थांबवून ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी फोन लावला.

"हॅलो, अगं, तू त्या दिवशी काय म्हणत होतीस?"

"आत्ता बैठक चाललीये हो," पलीकडून ती म्हणाली. "थांबा जरा."

साहेब अजून थांबले आहेत. त्यांना हसायला हरकत नाही. फक्त मघाशी, ही गोष्ट ऐन रंगात आलेली असताना, तुमच्याही शेजारी कुणीतरी काहीतरी सांगू लागले होते आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "एवढं संपवू दे." संपले. आता विचारून बघा.