अकरा ते बारा, रेंज उत्तम

आमच्या घरात वस्तू पारखून घेणारी व्यक्ती एकच, आणि ती म्हणजे मी! कॉर्डलेस फोन घ्यायचा ठरला तेव्हा तीन दुकानं पालथी घातली आणि गुंडीच्या झोपेच्या चोरट्या वेळात पत्रकं तोंडपाठ केली. गुंडी ही आमची कन्या. वय दहा महिने, दात दोन. दोन्ही दातांची माझ्या खांद्याशी चांगली ओळख आहे.

फोनची गरजच तशी होती. सोमवारी माझी रजा संपत होती आणि गुंडीला ठेवायला जागा नव्हती. गल्लीच्या टोकाच्या पाळणाघरात एकच जागा रिकामी होत होती आणि यादीत पहिलं नाव आमचं. पण तिथल्या बाईंचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! शुक्रवारी अकरा ते बारा त्या अर्जावरच्या नंबरला फोन करणार. लागला नाही की पुढचं नाव! आमच्या घरात मोबाइलला काडीभर सिग्नल नाही, म्हणून अर्जावर घरचा नंबर. आणि घरचा फोन बाहेरच्या खोलीत, वायरला बांधलेला. गुंडीला अंघोळ घालताना वाजला तर? साबण लावलेली ही मुलगी म्हणजे हातातून निसटणारा मासा! चार रात्री मला स्वप्नात नुसती रिंग ऐकू येत होती.

"रेंज किती?" मी दुकानदाराला विचारलं.

"तीनशे मीटर."

"नक्की?"

"मोकळ्या मैदानात."

"मैदानात उभं राहून कोण घरचा फोन घेतं हो?"

"ताई, मध्ये भिंती किती आहेत?"

मी डोळे मिटून मोजल्या. न्हाणीघरापर्यंत तीन, शिवाय एक कपाट.

"कपाट भरलेलं?" त्याने डॉक्टरच्या गांभीर्याने विचारलं.

"कोंबलेलं."

"मग हाच न्या!" म्हणत त्याने लांब अँटेनावाला पुढे केला.

रात्रभर चार्जिंग झालं. शुक्रवारी पावणेअकराला मी नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं, "घरच्या नंबरवर लाव. पाच मिनिटांत रेंज तपासू आणि अकराच्या आत ठेवून देऊ."

"हॅलो, येतोय आवाज?" मी न्हाणीघरातून.

"खणखणीत!"

मग दार लावून. मग नळ सोडून. मग कपाट उघडून, कपाट बंद करून. गुंडी कडेवर बसून अँटेना चघळत होती, तर त्याचीही नोंद झाली. "आता जरा ओला आवाज येतोय," नवरा म्हणाला.

"जिन्यात जाऊ?"

"जा की! तीनशे मीटर म्हणालाय ना तो? बघूच आज!"

घराला कुलूप लावून मी जिना उतरले. आवाज खणखणीत. फाटक ओलांडलं. खणखणीत! औषधाच्या दुकानातले काका ओरडले, "अगं, वायर तुटली की काय तुमची?" त्यांना कॉर्डलेस म्हणजे काय ते समजावून सांगितलं, नवऱ्याने फोनवरून त्यांना नमस्कारही केला. मी अशी ऐटीत चालले होते की जणू मिरवणूक माझीच!

गल्लीच्या टोकाला थोडी खरखर आली. तिथे एक पायरी होती, तिच्यावर चढले तर पुन्हा झकास. "अरे, मी कुठवर आले माहितीये?" असं म्हणत मी मान वर केली.

समोर पाळणाघराचं फाटक. आत खिडकीशी बाई, कानाला फोन. मागे भिंतीवर घड्याळ. साडेअकरा!

"अर्धा तास झाला, एंगेजच!" बाई मदतनीस मावशींना सांगत होत्या. "कसल्या या आया! वाचा पुढचं नाव."

मी पायरीवरूनच ओरडले.

"अहो थांबा! तो एंगेज फोन म्हणजे मी!"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "फाटकातून जागा मिळत नाही. गेल्या वर्षी इथेच दोघींची जुंपली होती. नियम म्हणजे नियम. फोनवर बोलायचं."

"मग लावा ना! आत्ता लावा! एकदाच!"

बाईंनी उसासा टाकला. मी नवऱ्याचा फोन कट केला. अँटेना आभाळाकडे धरून, गुंडीला छातीशी घट्ट आवळून श्वास रोखला. वाजला!

"हॅलो!"

"कट का झाला गं? रेंज गेली?" नवरा!

"ठेव! आधी फोन ठेव!"

"पण आवाज तर छान येतोय..."

"ठेव म्हणते ना!"

आत बाई मान हलवत होत्या. "परत एंगेज." मावशींनी वहीचं पान उलटलं. गुंडीने माझ्या गालावर हात ठेवला आणि माझे डोळे भरून आले. या चिमुकल्या हाताला सोमवारी कुठे सोडू मी?

मावशींनाच दया आली. "बाई, पोर बघा हो कशी बघतेय. एकदा लावाच."

बाईंनी नंबर फिरवला. मी पायरीवर चवड्यांवर उभी. एक सेकंद. दोन. बारीकशी रिंग!

"हॅलो," मी म्हणाले.

"नमस्कार, पाळणाघरातून बोलतेय," सहा हातांवरून बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "बाळाची आई का?"

"हो."

"घरीच आहात ना?"

"हो... घरीच."

"मागे गाड्यांचा आवाज येतोय."

"खिडकी उघडी आहे."

"सोमवारी साडेआठला आणा. दुपट्यावर नाव घाला. रडली तर एक तासाच्या आत फोन करू नका."

"ती की मी?"

"दोघीही."

बाईंनी शांतपणे वहीत लिहिलं, फोन ठेवला, चष्मा सारखा केला आणि खिडकीतून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला जन्मात पहिल्यांदाच बघत होत्या.

"हं, बोला. तुमचं काय काम होतं?"

हातात फोन, कडेवर गुंडी, नाकाचा शेंडा लाल.

"काही नाही," मी म्हणाले. "सहज आले होते."