छताला भिडणारं कपाट

स्वस्थ बसणं मला जमत नाही. सुट्टीच्या दिवशी दुसरा चहा झाला की माझे हात शिवशिवायला लागतात आणि घरातली मंडळी धास्तावतात. (मागे असेच हात शिवशिवले तेव्हा गिझर गेला होता. ऐन चंदीगडच्या थंडीत.) त्यामुळे ‘कपाट मीच करतो’ असं मी जाहीर केलं, तेव्हा सुनंदा तव्यावरची पोळी उलटायची विसरली.

“अहो, सुतार बोलवा ना!”

“सुतार कशाला? हल्ली दुकानातच मापाने बोर्ड कापून देतात. आपण नुसते जोडायचे. आणि ते काही खरं लाकूड नसतं. नुसतं लाकडासारखं दिसतं.”

“तुम्ही जोडल्यावर ते कपाटासारखं तरी दिसेल ना, एवढंच विचारतेय.”

तिची काळजी रास्त होती. मी केंद्र सरकारच्या हिशेबखात्यातला माणूस. नागपूर, गुवाहाटी, भोपाळ आणि आता चंदीगड, अशा बदल्यांमध्ये आमचा संसार ट्रंकांमध्येच वाढला. सुनंदाच्या सगळ्या साड्या ट्रंकेत. कुठे लग्नकार्य निघालं की मी स्टुलावर चढून एकावर एक रचलेल्यांतली वरची ट्रंक खाली काढायची, आणि हवी ती साडी नेमकी खालच्या ट्रंकेत निघायची. आयुष्यात एकदा तरी दार उघडलं की सगळ्या साड्या ओळीने टांगलेल्या दिसाव्यात, एवढीच तिची इच्छा होती. सोन्याचं काही मागत नव्हती बिचारी.

फक्त एक अट तिने घातली. “कपाटावर अजिबात जागा ठेवू नका. जागा दिसली की तुम्ही तिथे ट्रंक ठेवता.”

हे खरं होतं. बदलीच्या नोकरीत हा रोग जडतोच. म्हणून मी फरशीपासून छतापर्यंत माप घेतलं आणि जेमतेम एक बोट सोडून कपाटाची उंची ठरवली. दुसरा निर्णय माझा स्वतःचा. आजवर प्रत्येक बदलीला फर्निचर सुटं करून करून त्याचे सांधे खिळखिळे झाले होते. हे कपाट मी पेच आणि फेव्हिकॉल, दोन्ही लावून असं जोडणार होतो, की ते जन्मात सुटणार नाही. (माझ्या आयुष्यात मी शब्दशः पाळलेला हा एकमेव निश्चय.)

मनीमाजऱ्याच्या बाजारातल्या दुकानदाराने वॉलनट रंगाचा बोर्ड पुढे केला. “सर जी, ऊपर मेलामाइन है। चाय गिराओ, पानी गिराओ, कुछ नहीं होगा।”

“और अंदर?”

“अंदर बुरादा है जी। अंदर कौन देखता है?”

सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या मला हा युक्तिवाद ताबडतोब पटला. “बस, पेच एक बार कस के खोलना मत,” तो म्हणाला, “बुरादा झड़ता है।” मी म्हटलं, खोलायचा प्रश्नच नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण बोर्ड घरी आले त्याच दिवशी सुनंदाने महाराष्ट्र मंडळाच्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं, की यंदाचं हळदीकुंकू आमच्याकडे, आणि कपाट बघायला सगळ्यांनी यायचंच. त्यावर एअरोसिटीतल्या कांचनवहिनींनी लगेच टाळ्या पाठवल्या. कांचनवहिनींचे यजमान एअर फोर्समध्ये. त्यांच्या वॉर्डरोबचं दार उघडलं की आत आपोआप दिवा लागतो. मला झोप लागेना.

बेडरूममधले पलंग हॉलमध्ये हलवले आणि फरशीवरच, आडवं, कपाट जोडायला घेतलं. एका दाराच्या लाकडी रेषा उभ्या यायच्या त्या आडव्या आल्या. (झाड वादळात पडलं असं समजायचं.) बाकी काम झकास झालं. हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी दारंसुद्धा लागली. सुनंदाने साड्या इस्त्री करून हँगरला लावल्या आणि हॉलमधल्या पलंगावर ओळीने मांडून ठेवल्या. दर पाच मिनिटांनी येऊन ती विचारायची, “झालं?” इतकी खूश मी तिला गुवाहाटीहून बदली झाली तेव्हाच पाहिलं होतं.

उरलं होतं फक्त कपाट उभं करणं. शेजारच्या ढिल्लोंना बोलावलं.

“चक्को जी!” ढिल्लों गरजले. कपाट उठलं. अर्ध्यापर्यंत आलं, त्याच्याही वर गेलं, आणि खाडकन आवाज होऊन तिरकंच थांबलं. वरचा कोपरा छताला भिडला होता. ढिल्लोंच्या पगडीवर चुन्याचा पाऊस पडला.

“थोडा और ज़ोर!” मी ओरडलो.

“ज़ोर तां लग गया जी,” ते धापा टाकत म्हणाले, “हुण छत चक्कणी पऊ।”

छत उचलणं शक्य नव्हतं. ते सरकारी होतं आणि त्याच्यावर आमचे डायरेक्टर राहत होते.

दारात माझी कन्या चिन्मयी उभी होती. “पापा, खड़ा करते टाइम डायगोनल ऊपर जाता है। वो हाइट से लंबा होता है। नाइन्थ में पढ़ाते हैं।”

“घरात मराठीत बोल!” मी चिडून म्हणालो.

“मराठी में भी उतना ही लंबा होता है, बाबा।”

मग माझी नुसती तारांबळ उडाली. एक पेच सोडवून पाहिला, तर भोकातून भुसा भळाभळा गळायला लागला आणि फेव्हिकॉल काही हलेना. दारातून बाहेर काढावं तर वळेना. शेवटी ढिल्लों म्हणाले, “आरी लाता हूँ। नीचे से छह इंच उड़ा देते हैं।”

मी मान डोलावणार तेवढ्यात सुनंदा म्हणाली, “मुळीच नाही! खालून सहा इंच कापलं की वर सहा इंच जागा होईल. मग हे तिथे ट्रंक ठेवतील.”

आम्ही कपाट परत फरशीवर आडवं केलं. तेवढ्यात बेल वाजली.

सुनंदाने बेडरूमचं दार ओढून घेतलं. तिचा चेहरा मला बघवेना. मनापासून वाईट वाटलं मला. पण कांचनवहिनी कुठल्या ऐकतात! “हळदीकुंकू होईल गं सावकाश. आधी कपाट!” म्हणत त्यांनी दार ढकललंच. मागोमाग सगळ्या बायका आत घुसल्या. समोर वॉलनटचं ते भलंमोठं धूड जमिनीवर पसरलेलं. मी पडद्याआड सरकलो.

कांचनवहिनी वाकल्या. त्यांनी कपाटाचं एक दार धरून वर उचललं आणि आत डोकावल्या.

“अगंबाई सुनंदा! एवढी मोठी ट्रंक! कुठून आणलीस गं?”

मग काय विचारता! सगळ्याच बदलीवाल्या बायका. कोणी झाकण उघडून बघतंय, कोणी चाकं लावता येतील का विचारतंय. एकीने तर आपल्या मिस्टरांना फोटोही पाठवला. सुनंदाने पडद्याकडे एकदा बघितलं आणि मग ती इतकी हसली, इतकी हसली, की हातातलं तिळगुळाचं ताट कलंडलं.

संध्याकाळी तिने सगळ्या साड्या हँगरवरून काढल्या, घड्या घातल्या आणि आत रचल्या. पलंग अजून हॉलमध्येच आहेत. आम्हीही.

पुढच्या आठवड्यात ऑफिसातून आलो तर कपाटावर आमच्या जुन्या ट्रंका ओळीने मांडलेल्या.

“हे काय?” मी विचारलं.

“वर भरपूर जागा होती,” सुनंदा म्हणाली.

त्यामुळे आता साडी हवी असली की आधी मी वरच्या ट्रंका खाली काढतो. नाही म्हणायला एक सुधारणा झाली आहे. हल्ली त्यासाठी स्टूल लागत नाही.