कुमुदवहिनींची कोकमी नखं

आमच्या नांदखोलमध्ये माणसाचे पाय नखांना लावलेल्या रंगाप्रमाणे चालतात, आणि साठी झाली की बाईला बदामी रंग मिळतो.

बदामी पाय देवळात जातात, दवाखान्यात जातात, भाजी घ्यायला जातात आणि कुणी वारलं तर भेटायला जातात. तिथून ते घरी येतात. दुसरीकडे वळवायला गेलं तर वाटेतूनच मागे फिरतात. गुलाबी पाय शाळा-कॉलेजात जातात, लाल पाय माहेरी आणि लग्नकार्यात, कॉफी रंगाचे कचेरीत, बँकेत आणि जिथे कामाला बोलावलं असेल तिथे. मला अजून मरून आहे, म्हणजे बाजार, शेजारपाजार, भिशी आणि सहाण. सहाण म्हणजे गावची पालखी टेकवायचा दगडी चौथरा. त्याच्यापुढच्या अंगणात गौरीच्या दिवशी फुगड्या होतात, तेवढ्यापुरते लाल पायही तिथे येतात. पुरुषांच्या नखांना बिनरंगी वार्निश असतं आणि ते कुठेही जातात. असं का, हे कुणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

माझ्या शेजारी कुमुदिनी शेट्ये राहतात. त्यांना सगळे कुमुदवहिनी म्हणतात. त्यांचे यजमान बिनरंगी आहेत, कुठेही जाऊ शकतात आणि दिवसभर ओटीवर बसून असतात. वहिनींना बदामी मिळून बरीच वर्षं झाली. त्याआधी त्या आणि शालन नार्वेकर सहाणेवर फुगडी घालायच्या तेव्हा बाकीच्या जोड्या आपली फुगडी सोडून बघत उभ्या राहायच्या. मीही त्यात होते. नंतर दोघी बदामी झाल्या आणि भेटीगाठी दवाखान्याच्या बाकावर आल्या. दर गौरीला वहिनी सहाणेच्या दिशेनं निघायच्या आणि पिंपळापाशी त्यांचे पाय वळायचे. परतताना त्या कुणाशी बोलायच्या नाहीत. गेल्या वर्षी पायरीवर बसून मला म्हणाल्या, "गुडघे कुरकुरायला लागलेत गो. एकदाच शालनचे हात धरायला मिळाले असते, मग बसले असते गप."

पायांची निगा मात्र त्यांच्यासारखी गावात कुणी राखत नाही. आमच्याकडे जांभ्या दगडाच्या पायऱ्या, टाचांना भेगा पडायच्याच. वहिनी दर आठवड्याला टोपात कोमट पाणी आणि मीठ घालून पाय बुडवतात, वज्रीनं टाचा घासतात आणि रोज निजताना मुठेल लावतात. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, ते घट्ट गोळ्यासारखं असतं. चुलीशी जरा धरलं की पाघळतं. "तोंडाला काय लावायचं ते लावा," त्या सुनांना सांगतात, "पण चालायचं टाचांवर आहे."

रंग लावायला नफिसा मुकादम येते. तिचं पार्लर बदामीच्या ठिकाणांत बसत नाही, म्हणून साठीवरच्या बायकांकडे ती स्वतःच पेटी घेऊन जाते. जुना रंग आदल्या दिवशी पुसून ठेवायचा असतो. कोरी नखं असलेले पाय उंबरा ओलांडत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी बाई घरातच असते. नफिसा पेटी उघडते, वरच्या कप्प्यातल्या लाल, निळ्या, जांभळ्या बाटल्या बाजूला करते आणि खालून तीन बाटल्या काढते. फिका बदामी, मध्यम बदामी आणि गडद बदामी.

"कोणता लावू, काकी?"

"यांत फरक काय आहे?"

"गडद जरा जास्त दिवस टिकतो."

"मग फिका लाव," वहिनी म्हणायच्या, आणि नफिसा लावेपर्यंत वरच्या कप्प्याकडे बघत बसायच्या.

यंदाच्या मे महिन्यात काय झालं, तर मागच्या पडवीत दोन टोप शेजारी शेजारी ठेवलेले होते. एकात वहिनींच्या पायांसाठी मिठाचं पाणी होतं. दुसऱ्यात कोकमाची सोलं मुरत होती, त्यांचाच रस आणि भरपूर मीठ. ज्या घरात कोकमं घालतात त्याच घरात ही चूक होऊ शकते. वहिनींनी जुना बदामी पुसला, चष्मा काढून ठेवला, रेडिओ लावला आणि पाय दुसऱ्या टोपात घातले. वर एक पंचा टाकला. रेडिओवरचा कार्यक्रम चांगला होता, तो संपेपर्यंत त्या बसल्या. त्या टोपातल्या सोलांचं पुढे काय झालं, हे वहिनी सांगत नाहीत. रंगांना ठिकाणं ठरवून देणाऱ्या नगरपंचायतीच्या पाय विभागात यंदा भेट म्हणून गेलेल्या सोलांची कढी फार रुचकर झाली, एवढं मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी नफिसा आली आणि दहा नखं बघून बसली. पिकलेल्या कोकमाचा रंग होता तो, काळपट लाल, उजेडात जांभळा. तिनं रिमूव्हरनं पुसलं, गेला नाही. लिंबू चोळलं, तर आणखी खुलला. शेवटी वरून बदामी लावायला घेतला, पण वर्षानुवर्षांच्या मुठेलानं नखं अशी गुळगुळीत झाली होती की त्यांना मुळात रंग धरेपर्यंत घोटून पुसावं लागे. एकदा कोकम पिऊन बसल्यावर ती काही केल्या बदामी धरेनात. रंग नखाच्या कडेला ओघळून चटईवर पडला.

"काकी, हे माझ्या हातचं नाही," नफिसा म्हणाली आणि पेटी मिटली.

वहिनी तिला सोडायला दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यावर त्यांचे पाय थांबले. कोऱ्या नखांचे पाय अडतात, तसे ते अडले नव्हते. उंबऱ्याबाहेर पडायला ते तयार होते. फक्त हा रंग पाय विभागाच्या तक्त्यात नव्हता, त्याला ठिकाण दिलेलं नव्हतं, म्हणून ते वाट बघत होते. मी माझ्या दारातून हे पाहत होते. वहिनी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि खाली पायांकडे बघून हलकेच म्हणाल्या, "सहाणेवर."

पाय निघाले, आणि मीही मागोमाग गेले. पिंपळापाशी मी श्वास रोखून धरला. पिंपळ मागे पडला. सहाणेपुढच्या अंगणात भर उन्हाचं कुणीच नव्हतं. वहिनी मधोमध उभ्या राहिल्या, एकदा टाचेवर गिरकी घेतली आणि "घरी" म्हणाल्या.

पावसाळा लागल्यावर नगरपंचायतीच्या पाय विभागाची नोटीस आली. विनापरवाना रंगाबद्दल सुनावणी होती. जातीनं हजर राहणं शक्य नसल्यास निर्णय एकतर्फी होईल, असंही तळाशी छापलं होतं. बदामींना जाणाऱ्या प्रत्येक नोटिशीत हे छापलेलं असतं, कारण कचेरी बदामीच्या ठिकाणांत नाही. साठीवरच्या एकाही बाईची आजवर तक्रार आलेली नाही, असं विभागाच्या अहवालात दरवर्षी अभिमानानं लिहितात.

वहिनी गेल्या. मरूनलाही कचेरी नाही, त्यामुळे पुढचं मला नफिसानं सांगितलं. तिचा कॉफी रंग, आणि तिला साक्षीला बोलावलं होतं.

विभागाचे प्रमुख साळसकर यांनी वर पाहिलं आणि त्यांचा चहा कपातच राहिला. "आपण इथे आलात कशा?"

"चालत."

"ते शक्य नाही. आपण बदामी आहात."

वहिनींनी चप्पल काढली आणि पाय स्टुलावर ठेवले. साळसकर माणूस वाईट नाही, पण तक्त्याबाहेरचं काही दिसलं की त्यांना घाम फुटतो. त्यांनी रंगांचा तक्ता आणून नखांशेजारी धरला. मरूनशी जुळेना, जांभळ्याशी जुळेना.

"हा काढून टाका," ते नफिसाला म्हणाले.

"निघत नाही, साहेब. लिंबानं वाढतो."

"वरून बदामी लावा."

"धरत नाही. काकींची नखं मुठेलानं गुळगुळीत झालीत."

"मग मुठेल बंद करा."

"बंद करते," वहिनी म्हणाल्या. "टाचा फुटतील. फुटलेल्या टाचांनी मी देवळात जाणार नाही, दवाखान्यात जाणार नाही. मग बदामीनं तिथे जायचं हा तुमचा नियम मोडेल, तो तुमच्या विभागामुळे. तसं लिहून द्या."

साळसकरांनी ते लिहून दिलं नाही. त्यांनी रुमालानं मान पुसली. "हे पाय सध्या जातात कुठे?"

"मी सांगते तिथे."

"म्हणजे ठिकाण कोणतं?"

"ते त्या त्या वेळी ठरतं."

"असं ठिकाण आमच्याकडे नाही, वहिनी. आपण असं करा, नखं वाढून रंग जाईपर्यंत घरी बसा."

"मी पायांना तसं सांगितलं तर ते बसतील," वहिनी म्हणाल्या. "पण मी सांगणार नाही. ऐका, साळसकर. गौरीच्या दिवशी मला सहाणेवर शालनबरोबर फुगडी घालायची आहे. माझे गुडघे तुमच्या फायलीसाठी थांबायचे नाहीत. नव्या रंगावर निर्णय घ्यायला तुमची बैठक कधी?"

"दिवाळीनंतर."

"मग आपण दिवाळीनंतर बोलू."

साळसकरांनी नियमांची जाडी फाईल पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. ठिकाण नसलेल्या रंगाबद्दल तिच्यात काहीच नव्हतं. अखेर त्यांनी आदेश सांगितला आणि टंकलेखकानं तो उतरवून घेतला. बैठकीत निर्णय होईपर्यंत सदर पाय बाईंच्या सांगण्याप्रमाणे चालतील. खाली शिक्का मारला. वहिनी पायांना म्हणाल्या, "बंदरावरून घरी," आणि जाताना भर पावसात समुद्र बघून आल्या.

पण फुगडी एकटीनं घालता येत नाही. गौरीच्या आधी वहिनी आगळाची, म्हणजे मीठ घातलेल्या कोकमाच्या रसाची, बाटली आणि टोप घेऊन खालच्या आळीत शालनताईंकडे गेल्या, आणि मी सोबत गेले. शालनताईंनी बदामी पुसून ठेवला होता, कारण नफिसा यायची होती. टोप बघताच त्यांनी पाय लुगड्यात ओढून घेतले.

"मला नको गो, कुमुद. माझे पाय मुकाट चालतात ते बरं हाय. त्यांना सांगायचं म्हणजे आधी मला ठरवायला हवं."

"हो, ठरवायला हवं."

"मला कुठे सवय हाय ठरवायची?"

"मलाही नव्हती," वहिनी म्हणाल्या. त्या शालनताईंसमोर खाली बसल्या. "पहिल्या दिवशी उंबऱ्यावर पाय थांबले तेव्हा मला रडू आलं. कुठे जायचंय, असं इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं. आईनं नाही, ह्यांनी नाही, पोरांनी नाही. पायांनी विचारलं."

शालनताईंनी लुगड्यातून पाय बाहेर काढले. वहिनींनी आधी त्यांच्या टाचा वज्रीनं घासल्या, भेगांतली माती काढली, मुठेल लावलं पण नखं सोडून. मग टोपात आगळ ओतलं. शालनताईंनी बराच वेळ त्या लाल पाण्याकडे पाहिलं आणि डावा पाय आत घातला. थोड्या वेळानं उजवाही घातला. मीठ भेगांना झोंबलं तेव्हा त्यांनी वहिनींना एक सणसणीत शिवी दिली, ती इथे लिहिण्यासारखी नाही.

गौरीच्या दिवशी सहाणेपुढे लाल आणि मरून पायांची गर्दी होती. गावातल्या बदामी बायका समोर देवळाच्या पायऱ्यांवर बसून होत्या, कारण देवळापर्यंत त्यांना येता येतं. साळसकरही पाहणीसाठी आले होते, आणि रंग ओळखायला त्यांनी नफिसाला कामावर सोबत आणलं होतं. दोघी पिंपळावरून पुढे आल्या आणि बायकांनी सरकून मधली जागा मोकळी केली.

त्यांनी चपला काढल्या. पायांना पाय भिडवले, अंगठ्याला अंगठा, आणि वीस कोकमी नखं एका रांगेत आली. हात गुंफले. अंग मागे टाकलं. पहिले दोन-तीन वेढे सावकाश गेले, शालनताईंचा श्वास ऐकू येत होता. मग वहिनींनी तोंडानं "फू" केलं, शालनताईंनी "फू" केलं आणि गती आली. पदर सुटले, अंबाडे सुटले. शेजारच्या लाल जोड्या थांबल्या, मग मरून थांबल्या. त्या नखांचा नुसता एक लाल पट्टा जमिनीवर फिरताना दिसत होता. मी ओरडत होते की काय, मला आठवत नाही, पण दुसऱ्या दिवशी माझा घसा बसलेला होता. देवळाच्या पायऱ्यांवरच्या बायका उभ्या राहिल्या होत्या आणि शेवटच्या पायरीच्या कडेला त्यांचे बदामी पाय नुसते थरथरत होते.

"हे किती वेळ चालणार?" साळसकरांनी नफिसाला विचारलं.

"त्यांना हवं तितका," नफिसा म्हणाली.

थांबल्या तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या. वहिनींनी गुडघा धरला, दोन शिव्या घातल्या आणि पुन्हा हसल्या. साळसकर टाळ्या वाजवत होते, आपण वाजवतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी हात खिशात घातले.

मग शालनताई चपला घालून घरी जायला वळल्या आणि त्यांचे पाय थांबले. त्या घाबरल्या. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी तोंड मिटून उभ्या राहिल्या, मुद्दामच. अंगणातले सगळे बघत होते. शालनताईंनी लुगडं नीट केलं, खाली वाकून आपल्या पायांकडे पाहिलं, आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "घरी नाय. बंदरावर. आणि हळू चला, मला समुद्र लांबून दिसला पायजे."

दोघी निघाल्या. मी थोडं अंतर त्यांच्यासोबत गेले. बंदराच्या वळणावर माझे पाय वळले, कारण मरूनला बंदर नाही. मी वहिनींच्या मागच्या पडवीतून आगळाची बाटली घेऊन घरी आले, आणि उंबऱ्याच्या आत बसून नखांवरचा रंग पुसला.