पेपेचं आउए

सोलोफाच्या घरातून त्या दुपारी कुत्रासुद्धा उठून गेला. गोष्ट ऐन रंगात आली होती आणि श्रोता म्हणून तेवढा एकच उरला होता.

आमच्या बेटावरच्या गावात चाळीस वर्षं गोष्ट सांगायची ती सोलोफानेच. सांगणाऱ्याने वाक्य संपवायचं, ऐकणाऱ्यांनी 'आउए' म्हणायचं. आउए थांबलं की गोष्टही तिथेच थांबते, असा आमच्याकडचा रिवाज. पण ऑकलंडला तीस वर्षं इस्पितळाच्या चादरी धुऊन आकेनेसे परत आली आणि दुपारी बायका चटया विणायला तिच्याकडे जमू लागल्या. आमच्या घरांना भिंती नाहीत, त्यामुळे दुसऱ्याची मजा डोळ्यांआड करायची सोय नाही. रस्त्यापलीकडून एका सुरात 'आउए' ऐकू आलं की सोलोफाच्या पोटात दुखू लागे. त्यात त्याची बायको पेपे, तीही अर्धी चटई काखेत मारून तिकडेच जाई.

"घरी विणता येत नाही वाटतं?"

"घरी तू बोलतोस, म्हाताऱ्या."

"आणि तिथे काय सगळ्या मुक्या बसतात?"

"तिथे हात भरभर चालतो," म्हणत पेपे चालू लागे.

सोलोफा कान देऊन ऐकू लागला. गोष्टीतले शब्द एवढ्या लांब येत नसत, आउए मात्र स्पष्ट येई. आणि त्यात पेपेचं आउए नव्हतं! किंचित घोगरं, शेवटी वर जाणारं ते आउए त्याने हजारांत ओळखलं असतं. लग्नाआधी तो भाळला होता तोच मुळी त्यावर. त्याने शेजारच्या फेतूला हाक मारली.

"ऐक! बाकीच्या भुलल्या, पण माझी बायको त्या चादरवालीला एक आउए देत नाही."

फेतू उगाच खोकला. "एकदा जाऊन तर बघ."

"मी? तिच्याकडे? मेलो तरी जाणार नाही!"

दुसऱ्या दिवशी तो केळींच्या आडून आकेनेसेच्या घरामागच्या स्वयंपाकाच्या झोपडीत शिरला. घाईत बसला तो चुलीच्या दगडांवर, आणि ते अजून गरम होते. तिथून उडाला तो नारळाच्या झावळ्यांवर पडला, आणि त्यांत लाल मुंग्या होत्या. ओरडू नये म्हणून त्याने लुंगीचं टोक तोंडात कोंबलं. तेवढ्यात गोष्ट ऐकू आली.

"नवरा इतका बोलायचा, की बायकोने एक दिवस त्याचा आवाज करवंटीत कोंडला आणि दिला समुद्रात फेकून."

"आउए!" बायका म्हणाल्या.

"ती करवंटी गिळली शार्कने. तेव्हापासून शार्क जो बोलत सुटला, तो दुसऱ्या माशांना तोंडच उघडू देईना."

"आउए!"

करवंटी! सोलोफाचा नुसता जळफळाट झाला. चाळीस वर्षांत हे आपल्याला का नाही सुचलं? मग त्याच्या ध्यानात आलं, की आवाज किंचित घोगरा आहे. त्याने आडोशाची झावळी बाजूला सारली. आकेनेसे मान खाली घालून विणत होती आणि आउए म्हणत होती. गोष्ट पेपे सांगत होती.

मुंग्या मांडीपर्यंत आल्या, तरी तो हलला नाही. लुंगीचं टोक तोंडातून कधी गळलं, त्याला कळलं नाही.

"एक दिवस तो शार्क त्या बायकोच्या होडीखाली आला आणि चक्क गप्प राहिला. त्याला जन्मात पहिल्यांदा काहीतरी ऐकायचं होतं."

"आउएऽ!"

सगळ्यांत मोठं आउए झोपडीतून आलं.

सोलोफा बाहेर आला. तोंडाला काजळी लागली होती आणि एक पाय मुंग्यांमुळे नाचत होता. बायका पदर नसल्यामुळे तोंडाला चटया लावून हसत होत्या.

"कधीपासून सांगतेयस?" त्याने विचारलं.

"आकेनेसे आल्यापासून. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, 'पेपे, तुला येते का गं गोष्ट?'" पेपेने विणीत नवी पात घातली. "तुला कधी सुचलंच नाही विचारायला."

सोलोफा पायावरच्या मुंग्या झटकत तिच्या चटईजवळ आला. असूया तर होतीच, पण पुढे काय झालं ते ऐकायची घाई तिच्याहून मोठी होती.

"होडीखाली... त्याला काय ऐकू आलं?"

पेपेने जरा सरकून जागा केली. तिच्यामागे झोपलेला कुत्राही सरकला. ती सांगू लागली.

"होडीतली बायको हळूच म्हणाली—"

"आउए!" सोलोफा ओरडला.

"वाक्य तरी संपू दे तिचं, म्हाताऱ्या!" आकेनेसे म्हणाली.