भीमण्णांचे ओळखीचे स्नायू

"सोलियसची कधी चौकशी करता काय, साहेब?" भीमण्णांनी पहिल्याच भेटीत विचारलं.

आईला घेऊन पुण्याहून कानडी मुलखात, राजाजीनगरात राहायला येऊन मला जेमतेम दोन दिवस झाले होते. वाटलं, गोव्याकडचा कोणी भाडेकरू असावा.

"कुठल्या मजल्यावर राहतात ते?"

भीमण्णांनी वाकून माझी पोटरी दाबली. "हितं. ह्याच्या जिवावर उभं ऱ्हाता तुम्ही. रक्त वर चढवतोय बिचारा, आणि तुम्हास्नी नाव म्हाईत न्हाई!"

बायको गेल्यापासून भीमण्णा खालच्या मजल्यावर एकटेच राहत. मूळचे निपाणीचे. मेडिकल कॉलेजात प्रेतं कापून शिकवतात, त्या हॉलमध्ये ते शिपाई होते. प्रोफेसर बोलायचे, हे कोपऱ्यात उभं राहून ऐकायचे. निवृत्त होईपर्यंत अंगातला एकूण एक स्नायू त्यांच्या ओळखीचा झाला. बोलायचेही नातेवाइकांबद्दल बोलावं तसं. बैठकीचा मॅक्सिमस म्हणजे 'गडी मोठा, पण स्वल्प आळशी'. मांडीवरून तिरका जाणारा सार्टोरियस म्हणजे 'शिंपीअण्णा', कारण मांडी घालून शिवायला बसताना तो लागतो. "शिंपीअण्णा आज लई दुखावलाय," असं ते एकदा म्हणाले, तर मी चामराजपेटेतल्या माझ्या शिंप्याला फोन करून तब्येत विचारली. तोही गोंधळला.

पाठ दुखते असं म्हणायची सोय नव्हती. "पाठ म्हंजे जिल्हा झाला. गाव सांगा." एकदा मी फाटक ढकलत होतो, तर म्हणाले, "स्नायूला ढकलता येत न्हाई, फकस्त ओढता येतं. दंडाच्या मागचा ओढतोय, म्हणून हात पुढं जातोय." पुढे आठवडाभर मी प्रत्येक दारापाशी घुटमळत होतो.

मग आईचा अर्धा चेहरा एका सकाळी लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याची नस सुजलीय, बरी होईल. रोज आरशासमोर व्यायाम करा. आईनं आरशांवर टॉवेल टाकले. कोणी आलं की ती आत जाऊन बसायची.

भीमण्णा आले तेव्हा मी दार अर्धंच उघडलं. आता हे चेहऱ्यातले सगळे नातेवाईक मोजणार! पण ते आईसमोर मुकाट बसले आणि भुवया वर केल्या. मग गाल फुगवले.

"आरशाचं काय काम, अक्का? माझ्याकडं बघा."

आईला हसू आलं. तोंड वाकडं झालं तशी तिनं हात आडवा धरला. भीमण्णाही वाकडंच हसले, अगदी तिच्याइतकं. तिनं हळूहळू हात खाली घेतला.

मग ते रोज अकराला येऊ लागले. पाचव्या आठवड्यात आईच्या ओठाचा कोपरा किंचित वर गेला. मी आनंदानं विचारलं, "भीमण्णा, हा कुठला स्नायू?"

त्यांनी नाव सांगितलं नाही.

"आमच्या बायकूला, रत्नाला, लकवा झालावता," ते म्हणाले. "मला समदी नावं पाठ. रोज तिला एकेक नाव सांगून, हलीव म्हणायचो. चुकली की ओरडायचो. तिच्यासमोर बसून हसलो मात्र न्हाई कधी."

भीमण्णा "सरी, बरं, येतो" म्हणत उठले.

"बसा," आई म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.