जोडीदाराच्या खुर्चीत सुपारी

“मधली सातशे अकरा माणसं बाजूले सारा, आमचा नीलेश जगात पयला!”

देवळीच्या आपल्या किराणा दुकानात बंडूजींनी ही घोषणा केली आणि तिथंच लेकाच्या सत्काराचा बेत पक्का केला. पोरगा जागतिक क्रमवारीत सातशे बारावा, पण टेनिसच्या दुहेरीत खेळतो, म्हणजे खेळणारे दोन. मग सत्कारही दोघांचा! दोन शाली आल्या, दोन नारळ आले. शाळेच्या पटांगणात व्हॉलीबॉलची जाळी खाली ओढून कोर्टही तयार झालं.

“तुहा पार्टनर येते न?” बंडूजींनी विचारलं.

“येते न बाबा! रजत माह्याबिगर पाणी नाई पीत!”

रजत पाणी तर प्यालाच, वर त्यानं दुसरा जोडीदारही पाहिला! ऐन सत्काराच्या सकाळी निरोप आला, ‘सोमवारपासून दुसऱ्यासोबत खेळतोय. सॉरी यार.’

सोमवारच्या स्पर्धेत जोडीदाराशिवाय नावच लागत नव्हतं. नीलेशनं ओळखीतल्या सगळ्यांना फोन लावले. कुणाची जोडी जमलेली, कुणी उचललाच नाही. इतकी वर्षं हेच चाललं होतं. लॉजची खोली दोघांत, डबा दोघांत, आणि हरलं की दोघं दोन गाड्यांनी! जात्याचा एक दगड बगलेत धरून दुसरा शोधत हिंडावं, तसा तो गावोगाव हिंडत होता.

घरी मात्र म्हणाला, “रजतची गाडी लेट आहे.”

मंचावर दोन खुर्च्या, त्यातली एक रिकामी. भाषणं संपली, तरी गाडी येईना.

“आता कसं?” बंडूजी कुजबुजले.

नीलेशच्या आईनं, मंदाबाईंनी, पदर खोचला. “कसं म्हंजे? बायको माहेरी असली तं पूजेले सुपारी घेऊन बसत नाई का तुमी? मांडा!”

खुर्चीत तांदळाची मूठ, वर सुपारी. तिला कुंकू लागलं, शाल मिळाली, नारळ मिळाला. टाळ्याही नीलेशपेक्षा तिलाच जास्त!

मग सामना. समोर शाळेचे दोन मास्तर, प्रभाकरराव आणि मुकेश.

“बाबा, दुहेरी आहे. एकटा कसा खेळू?”

“एकटा काऊन? जोड आहे न!” म्हणत बंडूजींनी सुपारीसकट खुर्ची जाळीपाशी आणून ठेवली.

मास्तर कसले बेरकी! प्रत्येक चेंडू खुर्चीकडे. नीलेश डावीकडे धावला, उजवीकडे धावला, आणि सवयीनं ओरडला, “तुहा! तुहा!”

सुपारी हलली नाही. पटांगण हसून लोळलं.

नीलेश हरला. पण त्याच्या मनात आलं, चेंडू चुकला तरी हिनं तोंड वाकडं केलं नाही. आणि आता ही दुसऱ्या गाडीनं जाणारही नाही.

“माय, रजत नाई येत. आता कधीच नाई.”

“ठाऊक आहे मले,” मंदाबाई त्याचा घाम पुसत म्हणाल्या. “गाडी लेट असती, तं तू रस्त्याकडं पाह्यलं असतं. तू मान खाली घालून राह्यला.”

“ते सुपारी बॅगेत ठेवतो माह्या.”

तो खुर्चीपाशी गेला. नुसते तांदूळ! बाजूला गावातले रूपराव आजा अडकित्ता पुसत बसले होते.

“आजा, इथची सुपारी?”

“पानात घातली न बावा. तुह्या कामाची होती का?”

“जोडीदार होती माही.”

“अस्सं?” रूपरावांनी पिंक टाकली. “मंग बरंच झालं. आतून किडकी निघाली!”