टोप्या घातलेली ज्वारी

इतवारी सकाळी शिवशंकरनं छाती ठोकून सांगितलं, "आज लेकरायला अशी हिंगोली दाखवतो, की पुसेगावचं नाव काढणार न्हाईत!"

आता खरं विचाराल, तर शिवशंकरला हिंगोली ठाऊक होती किती? बसस्टँड, तहसील आणि त्या दोहोंच्या मधला चहावाला. पण गडी बोलण्यात कधी मागे हटला नाही! ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरी लागली म्हणून पंधरा दिवसांपूर्वी पुसेगावहून बिऱ्हाड इथं हलवलं, आणि तेव्हापासून दोन खोल्यांत चार जीव नुसते येरझाऱ्या घालत होते. नऊ वर्षांची प्रतिक्षा रोज दप्तर भरायची, शाळेसाठी नव्हे, गावाला जायला. पाच वर्षांचा विशू दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "तुमच्याकडं शेळी हाय का?"

शेवटी बायकोनं, सुकन्यानं, निर्वाणीचं सांगून टाकलं होतं. "आज लेकरं रमली तर बरं. न्हाई तर उद्याच्या पहिल्या गाडीनं मी दोघायला घेऊन चालले. तुमी ऱ्हावा इथं खिचडी शिजवत!"

लेकरांशिवाय शिवशंकरला घास उतरत नसे. पण हे तो कबूल करील तर शपथ!

आधी बाग झाली. झोक्याला ही भली मोठी रांग! प्रतिक्षा गवतावर बसली, रखवालदारानं शिट्टी वाजवली. विशू झाडावर चढला, शिट्टी! आणि झोक्याचा नंबर आला तेव्हा दुपारची बाग बंद व्हायची शिट्टी!

"बाबा, शहरात सगळंच काहून मना हाय?" प्रतिक्षानं विचारलं. सुकन्यानं नवऱ्याकडं रोखून पाहिलं.

"बसा गाडीवर!" शिवशंकर गरजला.

एका मोटारसायकलवर चौघं नरसीच्या रस्त्याला लागली. गावाबाहेर रस्त्याला लागूनच ज्वारी उभी होती, दाणा हिरवागार भरलेला, हुरड्याला अगदी बराबर! आणि हरेक कणसावर नंबर लिहिलेली कागदाची पिशवी.

"हे काहून घातलं?" सुकन्यानं विचारलं.

"पाखरायसाठी! शहराजवळची ज्वारी हाय बाई, टोपी घालूनच ऱ्हाती!"

"अन् ती इंग्रजी पाटी?"

"खताची जाहिरात असंल."

"लोकाचं शेत हाय ना पण."

"चार कणसाला कोण इचारतं? आपल्या शेतात आगटी पेटली तर आपण कोणाला न्हाई म्हणतो का?"

ते मात्र खरं होतं. पुसेगावात हुरड्याच्या आगटीवरून कोणी उपाशी गेलेलं नव्हतं. शेजारच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गोवऱ्या मिळाल्या, आगटी पेटली. सुकन्यानं भाकरीसोबत बांधून आणलेली लसणाची चटणी सोडली. कणसं भाजली, चोळली, आणि प्रतिक्षा पंधरा दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली! शिवशंकरला आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात धूर पाहून एक कार थांबली. "हुरडा पार्टी आहे का? ताट कसं दिलं?"

"ताट कशाचं, तुमी बसा आधी!"

ते बसले. ते बसलेले पाहून दुसरी कार थांबली, मग रिक्षा, मग फिरायला निघालेली तीन म्हातारी माणसं. तासाभरात बावीस जण! शिवशंकर लग्नघरातल्या वाढप्यासारखा कणसं आणत सुटला. "दही नाही का हो?" एका बाईंनी नाक मुरडलं. तिकडं विशूनं पाहुण्यांच्या मानपानाचं खातं सांभाळलं होतं. शेतात घुसून तो उभ्या कणसांच्या पिशव्या उपसत होता आणि एकेकाच्या डोक्यावर टोपी चढवत होता.

अशात एक किडकिडीत गृहस्थ मोटारसायकलवरून उतरले. त्यांनी शेताकडं पाहिलं, मग टोप्यांवरचे नंबर पाहिले आणि मटकन धुऱ्यावर बसले.

"तीन वर्षं!" ते कसेबसे बोलले. "तीन वर्षं झाली या वाणावर काम करतोय! हा संशोधनाचा प्लॉट आहे! पाटी वाचता येत नाही?"

हे होते पुनमचंद साहेब, नवं बियाणं तयार करणारे. आणि शिवशंकर काय बोलला? "काय वाण काढलं हो साहेब! असा हुरडा जन्मात खाल्ला न्हाई!"

साहेबांनी खिशातून मोबाईल काढला. "थांबा, पोलिसांनाच बोलावतो!"

पोलिसांचं नाव निघताच बावीस पाहुणे चपला हातात घेऊन पळाले. त्यातला एक पळता पळता ओरडला, "चटणी मस्त होती!"

प्रतिक्षा रडत पुढं आली. "साहेब, बाबाला धरून नेऊ नका. आमाला इथं करमत नव्हतं म्हणून त्यायनं आणलं. आमी दोनच ओळी खाल्ल्या."

साहेबांचा हात खाली आला. त्यांनी शेतात एक चक्कर मारली. खरंच दोनच ओळी मोडल्या होत्या, पण विशूच्या कृपेनं आणखी सहा ओळी बोडक्या झाल्या होत्या.

"आता या सहा ओळी पाखरं खाणार!" साहेब म्हणाले. "माझा राखणदार रविवारी सुटीवर असतो. कापणीपर्यंत दर रविवारी पाखरं तुम्ही हाकायची. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत! सगळ्या घरानं!"

"दर इतवारी?" प्रतिक्षानं डोळे पुसून टुणकन उडी मारली.

"शेळी आणू का?" विशूनं विचारलं.

"नाही!" साहेब किंचाळले.

सुकन्यानं पदर तोंडाला लावून हसू दाबलं. "मग ऱ्हाऊ द्या उद्याची गाडी," ती म्हणाली. शिवशंकरला साहेबांचे पाय धरावेसे वाटले, पण साहेब धास्तीनं अजून दोन पावलं लांबच उभे होते.

संध्याकाळी गावाहून त्याच्या आबांचा फोन आला. "काय रे, पाहिली का लेकरायनं हिंगोली? काय कमी तर न्हाई ना तिथं?"

"कमी कशाची आबा! समदं हाय!" शिवशंकर जोरात बोलला. मग बायकोकडं पाठ करून हळूच म्हणाला, "फक्त आपली गोफण तेवढी पाठवून द्या."